कुरतडलेली तबकडी

१

पिशवी टेबलावर उपडी झाली आणि काळ्या लाखेचे तुकडे खडखडत बाहेर सांडले. शर्मिला गमरे यांनी चष्मा वर सरकवून नुसतं पाहिलं, हात लावला नाही.

"जगात एकच होती म्हणे, मॅडम," निरीक्षक नमिता ठोसर म्हणाली. "काल उरणकडे, द्रोणागिरीच्या एका गोडाउनात, शूटिंगच्या सेटवर, भर दुपारी फोडली. आरोपी हातात तुकडे घेऊनच सापडला. लॉकअपमध्ये बसलाय. मला तुमच्याकडून एवढंच हवंय, हे तुकडे जोडून गाणं ऐकता येतं का?"

शर्मिलाबाईंची सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत, आवाज ओळखण्यात गेली होती. खंडणीचे फोन, नवऱ्यांच्या धमक्या, लाच मागतानाचे मधाळ आवाज. माणूस तोंडानं किती घाण करू शकतो ते ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. निवृत्त होऊन बेलापूरला राहायला आल्या तेव्हा आता कुणाचं काही ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण नमिता जुन्या ओळखीची, आणि पोलिसात असूनही प्रश्न विचारणारी.

प्रकरण असं होतं. शंभर वर्षांपूर्वी कर्ण्याच्या फोनोवर घरोघरी वाजलेली गाणी गोळा करून त्यांच्यावर एक संगीतपट बेतला जात होता. चित्रपटाचं नाव अजून ठरलं नव्हतं, पोस्टर मात्र पाम बीच रोडवर झळकत होतं. त्यातलं मुख्य गाणं, 'मिठाची रास गो चांदन्यान हासं', या तबकडीवरचं. लेबलावर नाव 'मिस शेवंती'. ही कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. तबकडी होती रावसाहेबांची. रावसाहेब म्हणजे बेलापूरचे नामांकित वकील आणि त्याहून नामांकित संग्राहक. काल पत्रकारांपुढे ती जुन्या फोनोवर अथपासून इतिपर्यंत वाजवली जाणार होती.

"आणि आरोपी?"

"केतन घरत. जासई गावचा. कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. महिनाभर सेटच्या गेटवर येऊन भांडत होता, हा आवाज आमच्या पणजीचा आहे, तबकडीही आमच्याच घरातली आहे म्हणून. काल जेवणाच्या सुट्टीत मागच्या दारानं आत शिरला."

शर्मिलाबाईंनी वर्तमानपत्र पसरलं आणि तुकडे मांडायला घेतले. "ऐकता येतं. लाख तुटली तरी तिच्यावरची खाच शाबूत राहते. फोटो काढून, कड कडेला लावून आवाज वाचता येतो. वेळ लागतो, पण..."

त्यांचं बोलणं अडलं. तुकडे भाकरीच्या चतकोरासारखे बाहेरून रुंद, आत निमुळते होते. पण एकाही तुकड्याला टोक नव्हतं. प्रत्येक टोक उंदरानं खाल्ल्यासारखं कुरतडलेलं. आणि मधली लेबलाची गोल चकती? ती अख्खी होती. तिला साधा तडाही नव्हता, फक्त कड तेवढी दातेरी.

"नमिता, ताट आपटलं तर ते मधोमध शाबूत राहतं का?"

"नाही."

"मग ही आपटून फुटलेली नाही. हिला कुणीतरी निवांत बसून, पक्कड घेऊन सोलली आहे."

२

गोडाउनात शंभर वर्षांपूर्वीची मुंबई उभी होती. प्लायवूडची. बाहेर कंटेनरच्या गाड्यांची रांग, आत गॅसबत्त्या, बग्गी, जाळीचे पडदे. एका कोपऱ्यात कोळणींची नऊवारी हँगरला लावलेली, तिच्यावर चिठ्ठी: 'गरीब बाई, थोडं मळवा'. शर्मिलाबाईंनी ती चिठ्ठी वाचून उलटी फिरवली.

दिग्दर्शिका वैदेही त्यांना दिवाणखान्याच्या सेटवर घेऊन गेली. खाली जाड गालिचा, टेबलावर पितळी कर्ण्याचा फोनो.

"इथंच सापडला तो. गुडघ्यावर बसलेला, दोन्ही हातात तुकडे. रावसाहेब ढसाढसा रडले हो. म्हणाले, झाडून टाका हे सगळं, मला बघवत नाही. आमचा माणूस झाडू घेऊन आलाही होता, पोलिसांनी अडवलं म्हणून." वैदेहीनं डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि लगेच म्हणाली, "पण एक सांगू? पब्लिसिटी मात्र अशी मिळाली ना! सगळीकडे तोच विषय."

शर्मिलाबाईंनी नजर फोनोकडे वळवली. "तबकडी काल अख्खी होती हे कुणी पाहिलं?"

"मीच. सकाळी रावसाहेबांनी पेटी उघडून दाखवली. कागदी कव्हरात होती. कव्हराला मध्ये गोल भोक असतं ना, त्यातून लेबल दिसतं. मिस शेवंती, स्वच्छ वाचलं मी."

"बाहेर काढली नाही?"

"छे! लाइट्सच्या उष्णतेनं वाकेल म्हणाले. आम्हा सगळ्यांना बाहेर घालवलं, पेटी स्वतः टेबलावर ठेवली, मागून दार ओढून आले. मग जेवायला माझ्याच टेबलावर होते, शेवटपर्यंत. तेवढ्यात हे झालं."

शर्मिलाबाई गालिच्यावरून दोन पावलं बाजूला झाल्या आणि पर्समधल्या किल्ल्या उघड्या फरशीवर टाकल्या. पत्र्याच्या छताखाली तो खणखणाट असा घुमला की लांब पायाडावर चढलेला सुतार वळून बघायला लागला.

"जेवणाची टेबलं कुठं होती?"

"इथंच. पडद्यामागे."

"मग फुटल्याचा आवाज कुणी ऐकला?"

वैदेहीनं आजूबाजूच्या चार-सहा जणांकडे पाहिलं. सुतारानं मान हलवली, प्रकाशयोजना बघणाऱ्यानं खांदे उडवले.

आवाज कुणीच ऐकला नव्हता.

३

केतनची आजी मालतीबाई जासईला नव्या तीन मजली घराच्या ओट्यावर बसली होती. ऐंशी ओलांडलेली, कानात जड बुगड्या, पाठ अजून ताठ. नातवाला काल पोलिसांनी नेलं तेव्हापासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता, असं शेजारणीनं सांगितलं.

"माजी आय मेली तवा मी रांगत व्हती," ती म्हणाली. "तिचा तोंड पन मना आठवत नाय. राजाबाय नाव तिचा. बापूस सांगं, तुजी आय लगनान गाया लागली का आख्खा मांडव गप व्हई. मुंबैचा कोन साहेब आयलता, तो तिला गाया घेऊन गेला. तवा ती लगनाची पन नव्हती. येताना ती काली थाली घेऊन आयली. पन घरान वाजवाला काय व्हता? फोनो मोठ्या लोकांचा. थाली माल्यावरच रायली."

"मावशी, म्हणजे तुम्ही ती कधी ऐकलीच नाही?"

"कदीच नाय."

पुढचं सांगताना तिचा आवाज चढला. गावाच्या जमिनी संपादनात गेल्या, वाढीव मोबदल्याच्या केसेस लागल्या, तेव्हा एक तरणा वकील घरोघर यायचा. चहा प्यायचा, माळ्यावर नजर फिरवायचा. एकाकडून समई नेली, एकाकडून कोरीव पेटारा. दाखवतो आणि आणून देतो म्हणायचा.

"माज्याकडं आयला. बोलला, मालतीबाय, माज्याकडं फोनो हाय, तुला तुजे आयेचा आवाज आयकवतो. मी थाली पदरान गुंडालून दिली. चालीस वरसां झाली, बाय. मी कितींदा त्याचे दारान गेली. बोलला, मी कवा नेली? कागद हाय का तुज्याकडं?"

आयुष्यात शर्मिलाबाईंनी चोर पुष्कळ ऐकले होते. पण आई न आठवणाऱ्या लेकीला आईच्या आवाजाचं आमिष दाखवणारा त्यांच्या ऐकण्यात नव्हता.

"केतन काल तिथं गेला कशाला?"

"त्या वकिलानंच बोलवला! त्याचे गेटवर केतन गेलता, तवा बोलला, भांडू नको पोरा, सेटवर ये, जेवनाचे टायमाला, मागचे दारान ये. तुला आयकवतो." मालतीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "पोलिसांना सांगितला त्यानी. कोन इस्वास ठेवील?"

साक्षीदार नव्हता. रावसाहेबांनी हे साफ नाकारलं होतं. आणि रावसाहेब तर सगळ्यांदेखत वैदेहीच्या टेबलावर वरण-भात कालवत होते.

४

रावसाहेबांच्या दिवाणखान्यात जमिनीपासून छतापर्यंत तबकड्या होत्या. खोलीला जुन्या कागदाचा आणि कापराचा वास. कोपऱ्यात समयांची रांग, कोरीव पेटारे, एक जुनी नथ काचेखाली. एका संग्रहालयात रावसाहेबांच्या नावानं दालन उघडायचं घाटत होतं, त्याचा आराखडा भिंतीवर लावलेला.

रावसाहेब शालीत बसले होते. चेहरा ओढलेला.

"माझं मूल गेलं, बाई," ते म्हणाले. "चोरबाजारात भंगाराच्या ढिगातून वेचली होती मी तिला. त्या मुलाला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. अडाणीपणा आहे, दुसरं काय. या लोकांना मोल कळत नाही."

शर्मिलाबाईंनी 'या लोकांना' हे शब्द ऐकले आणि चहाचा कप खाली ठेवला. मग त्या कपाटाकडे वळल्या. खालचा एक रुंद खण अर्धवट उघडा होता. आत कापसावर ठेवलेल्या चिरलेल्या, दुभंगलेल्या, कपचे उडालेल्या तबकड्या. काहींना गोंदानं हलक्या हातानं सांधलेलं. एका कोपऱ्यात औषधाच्या गोळ्यांच्या, तपकिरीच्या जुन्या डब्या.

"यात काय?"

"चुरा. कपचे. माझं वेड आहे ते." रावसाहेब पहिल्यांदाच हसले. "फुटकं असलं तरी टाकवत नाही मला. लाखेचा कण न् कण जपलाय मी."

"मिस शेवंतीची नक्कल असेल ना तुमच्याकडे? कॉम्प्युटरवर?"

"आहे ना. तीच आम्ही संगीतकाराला दिली."

त्यांनी ती लावली. आधी सुईची खरखर, जशी गरम तव्यावर मोहरी. मग बाजाच्या पेटीचे सूर, आणि त्यांच्यावर एक कोवळा, किंचित नाकातला, न घाबरणारा आवाज. मिठाची रास, चांदणं, बांधावर उभी राहून भरतीला हाका मारणारी कुणी. गाणं संपलं, पेटीनं शेवटचा सूर धरला, आणि सगळं बंद. खरखरसुद्धा.

"पूर्ण आहे हे?"

"पूर्ण. इथंच संपतं."

शर्मिलाबाईंना ते पटेना. गाणारीण थांबली म्हणून सुई थांबत नसते. ती पुढच्या खाचेतून फिरत राहते, खरखर चालूच असते. ही खरखर संपली नव्हती. कुणीतरी ती कात्रीनं कापली होती. आणि तबकडी वाजते बाहेरून आत. म्हणजे गाण्याचा शेवट असतो लेबलाला अगदी लागून.

नेमका तोच भाग पक्कडीनं कुरतडलेला होता.

५

"माझ्याकडून काय पाहिजे तुम्हाला? मी तर तिथं नव्हतोच काल," संगीतकार प्रितम म्हणाला. सानपाड्यातल्या त्याच्या स्टुडिओत फोमच्या भिंती होत्या आणि त्यांच्यावर त्याचेच मोठाले फोटो. नमिता साध्या कपड्यांत दाराशी उभी राहिली.

"काही नको. तुमचं गाणं ऐकवा फक्त."

तो खुश झाला. संगीतपटातलं नवं 'मिठाची रास' दणक्यात सुरू झालं. ढोल, ताशे, परदेशी तंतुवाद्यं आणि खाली कुठंतरी तेच मूळ सूर. नामावलीत 'संगीत: प्रितम' येणार होतं, 'पारंपरिक' असं कुठंतरी बारीक. गाण्याच्या शेवटी वाद्यं थांबली, नायिकेनं श्वास घेतला, काहीतरी बोलायला जावं तशी अडली, आणि तोंडावर हात धरल्यासारखं फस्सकन हसली.

"हे हसू छान आहे," शर्मिलाबाई म्हणाल्या. "कुणाचं?"

"माझीच आयडिया. शेवटाला जरा फ्रेश वाटतं."

"सुचलेलं हसू असं नसतं. तुमची गायिका आधी श्वास घेते, मग शब्द गिळते, मग हसते. शब्दच नाहीत तर गिळते काय? तिनं कुणाच्या तरी हसण्याची नक्कल केलीय, मधले शब्द गाळून. तबकडीचा शेवट तुम्ही ऐकलाय, प्रितम. रावसाहेबांनी तुम्हाला दिलेल्या नकलेत तो नाही."

प्रितमनं टोपी काढून परत घातली.

"एक माणूस कोठडीत आहे," नमिता दारातून म्हणाली. "आत्ता सांगितलंत तर साक्षीदार. नंतर सापडलं तर आरोपी."

"अरे यार, मी काय केलं?" प्रितमचा आवाज एकदम चिरका झाला. "त्यांनी आधी मला अख्खीच पाठवली होती फोनवर. चुकून. मग दुसऱ्या दिवशी दुसरी पाठवली, म्हणाले पहिली डिलीट कर, शेवट खराब आहे. मी केली नाही, बस. शेवट मस्त होता, मी हसू उचललं. आता त्या बाईचं नाव-गाव कळलं असतं तर तिचे नातेवाईक उठले असते, क्रेडिट द्या, स्टेजवर बोलवा. कशाला टेन्शन? मी खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही!"

"केतन महिनाभर गेटवर ओरडून तेच विचारत होता."

"तो मला नाही विचारत होता. वैदेहीला विचारत होता."

शर्मिलाबाईंना वाटलं, खिडकी असती तर उघडावी. पण त्या खोलीला खिडकीच नव्हती.

"लावा," त्या म्हणाल्या.

प्रितमनं फोन पुढे केला. तेच गाणं, तीच पेटी, तोच शेवटचा सूर. या वेळी खरखर थांबली नाही. आणि मग ती बोलली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेबांकडे वैदेही आधीच आलेली होती. त्यांच्या सांत्वनाचा व्हिडिओ करून झाला होता, आता कॅमेरावाला वायरी गुंडाळत होता. नमितानं त्याला बाहेर पाठवलं.

"केतन घरतनं तबकडी फोडलेली नाही," शर्मिलाबाईंनी सुरुवात केली. "ती सेटवर कुणीच फोडली नाही. म्हणून कुणी आवाज ऐकला नाही."

"मी स्वतः पाहिली होती सकाळी," वैदेही म्हणाली.

"तुम्ही कव्हर पाहिलंत, आणि भोकातून लेबल. लेबलाची चकती मी पाहिली आहे, अख्खी आहे. जी तबकडी फुटून तिचे एवढे तुकडे झाले, तिचा मधला भाग शाबूत कसा? कारण तो तुम्हाला दाखवायला लागणार होता. मागे दुसरी एखादी तबकडी सरकवली, पुढे चकती. काम झालं. तुकडे पिशवीत होते. तुम्हाला बाहेर घालवल्यावर यांनी ते चकतीसकट गालिच्यावर अलगद ओतले, दुसरी तबकडी पिशवीत टाकली आणि जेवायला येऊन बसले. आवाज होऊ नये म्हणून गालिचा, आणि दोष द्यायला मागच्या दारानं बोलावलेला केतन."

रावसाहेबांनी शाल नीट केली. "बाई, मी माझीच तबकडी फोडीन? कशासाठी?"

"वैदेहीबाईंमुळे. तबकडी पत्रकारांपुढे अथपासून इतिपर्यंत वाजवायचं यांच्या डोक्यात आलं आणि तुम्हाला नाही म्हणता येईना. कापलेली नक्कल चालली असती, पण तबकडी कुठं कापणार? त्या काळी गाणारे शेवटी आपलं नाव सांगायचे. ही पोरगी नाव सांगते, गाव सांगते. पत्रकारांपुढे ते वाजलं असतं तर केतन खरा ठरला असता. मग चोरबाजाराची गोष्ट खोटी, आणि मग लोकांनी विचारलं असतं की त्या समया कुठून आल्या, ती नथ कुणाच्या नाकातली. तुमचं दालन राहिलं असतं बाजूला."

"हा तर्क आहे. प्रितमनंही फोडली असेल. शेवट त्यानंही ऐकला होता."

"म्हणजे पुढे शेवट होता तर! मला तुम्ही म्हणालात, गाणं इथंच संपतं. आणि प्रितमला तर तुम्ही पहिली नक्कल डिलीट करायला लावली होती. तुमच्या मते त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं, म्हणून तुम्ही निर्धास्त होतात. आणि तो परवा द्रोणागिरीला नव्हता." शर्मिलाबाई रावसाहेबांच्या जवळ गेल्या. "शिवाय रागानं फोडणाऱ्याला काय माहीत की तुकडे जोडूनही आवाज वाचता येतो? शेवटच्या खाचा वेगळ्या कुरतडून काढायचं त्याच माणसाला सुचेल, ज्यानं आयुष्यभर फुटक्या तबकड्या सांधल्या. मला पहिला संशय तुमच्या रडण्यानं आला. लाखेचा कणही न टाकणारे तुम्ही, तुमचं मूल गेलं म्हणता, आणि म्हणता झाडून टाका?"

शर्मिलाबाईंनी कपाटाच्या खालच्या खणाकडे बोट दाखवलं.

"आणि म्हणूनच मला माहीत आहे," शर्मिलाबाई म्हणाल्या, "की ती टोकं तुम्ही फेकली नसणार. ते तुमच्यानं होणार नाही."

नमितानं खालचा खण ओढला. रावसाहेब उठू लागले, मग तसेच बसले. तपकिरीच्या एका डबीत कापूस होता आणि कापसावर काळे, नखाएवढे त्रिकोण. शर्मिलाबाईंनी त्यातला एक भिंगाखाली धरला. एका कडेला पक्कडीच्या दातांचे ठसे, बाकी सगळीकडे बारीक, गोलाकार, चमकत्या खाचा.

रावसाहेबांचा आवाज बदलला. त्यात आता शोक नव्हता, वकील होता. "त्यांच्या माळ्यावर उंदरांनी खाल्ली असती ती. मी नेली म्हणून उरली. मी नसतो तर शेवंती कुणाला माहीत झाली असती?"

"शेवंती नव्हतीच कुणी, ते कंपनीनं लेबलावर छापलेलं नाव. राजा होती. तुम्हाला चाळीस वर्षं माहीत होतं. तिची लेक तुमच्या दारात येऊन गेली, आणि तुम्ही तिला कागद मागितलात."

"भावनेच्या भरात..."

"बोलू नका," शर्मिलाबाई म्हणाल्या. "आयुष्यभर ऐकत आले मी तुमच्यासारख्यांना. तुमचा आवाज इतका स्वच्छ आहे की ओकारी येते."

वैदेही भिंतीला टेकली होती. तिनं हळूच नमिताला विचारलं, "त्या आजींना तो आवाज ऐकवायचाय ना तुम्हाला? आम्ही फक्त एक कॅमेरा लावला तर चालेल का?"

७

केतन सुटला. रावसाहेबांवर खोट्या तक्रारीचा गुन्हा दाखल झाला, जामीनही लगोलग झाला. पावसाळ्याआधी ठाण्याच्या एका संस्थेनं त्यांना शाल-श्रीफळ दिल्याची बातमी शर्मिलाबाईंनी वाचली आणि ते वर्तमानपत्र भाजीची देठं गुंडाळायला घेतलं.

मालतीबाईला आवाज ऐकवला तो तिच्याच ओट्यावर. शर्मिलाबाईंनी फोन तिच्या कानाशी धरला. गाणं संपलं, पेटी थांबली, आणि खरखरीतून एक पोरगी दमल्या श्वासानं म्हणाली, "मी राजा. जासयची." मागून कुणी पुरुष "बस, बस" म्हणाला आणि ती फस्सकन हसली.

मालतीबाईची सुरकुतलेली बोटं फोनवरून फिरत होती.

"ही कवरीशी पोर हाय," ती शेवटी म्हणाली. "ही माजी आय नाय गो. ही तं माजी नात हाय."

मग ती रडली. केतननं तिला धरलं.

वैदेही तिसऱ्या दिवशी हार आणि कॅमेरा घेऊन आलीच. प्रीमियरला पहिली रांग, आजींचा सत्कार, सगळं देऊ केलं. मालतीबाईनं एकच विचारलं, गान्याचे शेवटी माजे आयेचा नाव ठेवशील? वैदेही गोड हसली. "आजी, हसू ठेवतोय ना आम्ही! नावानं जरा ऱ्हिदम तुटतो." मालतीबाई उठली, हार तिच्याच हातात परत दिला आणि दार लावून घेतलं.

कायद्यानं गाण्यावर कुणाचाच हक्क उरला नव्हता, एवढं जुनं होतं ते. चित्रपट लागला, चालला. नायिका हसली, टाळ्या पडल्या. नामावलीत 'पारंपरिक' होतं. शर्मिलाबाई पाहायला गेल्या नाहीत.

त्या गेल्या केतनच्या चुलतभावाच्या हळदीला. मांडवात स्पीकरच्या भिंती, पोरांचा धुडगूस. एकाएकी नाचाचं गाणं थांबलं आणि स्पीकरमधून खरखर सुरू झाली. मोहरी तडतडावी तशी. शंभर वर्षांपूर्वीची ती पोरगी मांडवभर गाऊ लागली. पोरं आधी गोंधळली, मग थांबली. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींचे हात धरले. गावातल्या प्रत्येक हळदीला आता असंच लावतात, केतननं कानाशी येऊन सांगितलं. उरणपर्यंत फोनाफोनी गेलंय ते. चित्रपटातलं इकडे कुणी वाजवत नाही.

गाणं संपलं. खरखर. "मी राजा. जासयची." बायांनी एकच हाळी दिली.

मालतीबाई खुर्चीतून उठली, गर्दीतून वाट काढत साउंडवाल्याच्या टेबलाशी गेली. तो तिला पाहून गाणं पहिल्यापासून लावू लागला, तर तिनं त्याचं मनगट धरलं.

"आख्खा नको रं," ती म्हणाली. "फकस्त नाव लाव."